न कळवलेले मरण

गेल्या मे महिन्यात आमची भाची सुट्टीला गावी आली, तेव्हा तिच्या पिशवीत एक इंग्रजी कादंबरी होती. नाव 'वी वेअर लायर्स'. मराठीत सांगायचे तर 'आम्ही खोटारडे होतो'. ई. लॉकहार्ट या अमेरिकन लेखिकेची ही कादंबरी २०१४ साली प्रसिद्ध झाली. ती लिहिली आहे किशोरवयीन मुलामुलींसाठी. २०२५ मध्ये तिच्यावर मालिकाही आली. भाची म्हणाली, "मामू, हे वाचा. यात एक पाटील आहे."

आम्ही वाचली. पाटील आहे, हे खरे. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्सच्या किनाऱ्याजवळ लेखिकेने एक छोटे खासगी बेट कल्पिले आहे. ते सिंक्लेअर नावाच्या धनवान घराण्याचे. आजोबा, त्यांच्या तीन मुली आणि नातवंडे दर उन्हाळ्यात तिथे जमतात. थोरल्या मुलीचा जोडीदार भारतीय वंशाचा आहे. त्याचा पुतण्या गॅट पाटील हाही दरवर्षी बेटावर येतो. आजोबा त्याला हाकलत नाहीत, पण त्याला आपल्यातला मानतही नाहीत. सभ्य भाषेत बोलून माणसाला उंबऱ्याबाहेर ठेवण्याची ही रीत आपल्या वाचकांना समजावून सांगायला नको.

थोरली नात कॅडन्स ही कथा सांगते. पंधराव्या वर्षीच्या उन्हाळ्यात तिला बेटावर काही अपघात झाला. ती पाण्याकाठी सापडली. डोके भयंकर दुखते आणि काय घडले ते आठवत नाही. एक उन्हाळा तिला बेटापासून दूर ठेवतात. दोन वर्षांनी ती परतते, तर जुने घर जाऊन तिथे नवे उभे आहे आणि घरातले कुणी नीट बोलत नाही. लहान मुलांनाही बजावून ठेवले आहे. शेवटी तिचे तिलाच आठवते. आजोबांच्या घरावरून, चीजवस्तूंवरून आया-मावश्यांत चाललेल्या भांडणांना कंटाळून मोठी माणसे बेटावर नसताना चार मुलांनी ते घर पेटवले होते. त्या आगीत तिचा मावसभाऊ, मावसबहीण आणि गॅट, तिघेही गेले. ती एकटी वाचली. ज्यांच्याशी ती या उन्हाळ्यात बोलत होती, ती माणसे दोन वर्षांपूर्वीच मेलेली होती.

आईवर अन्याय होऊ नये म्हणून हेही सांगायला हवे की तिने मुलीला प्रथम खरे सांगितले होते, पुन्हा पुन्हा सांगितले होते. मुलगी दर वेळी कोसळायची आणि दुसऱ्या दिवशी विसरायची. मग डॉक्टरांच्या सल्ल्याने सर्वांनी गप्प राहायचे ठरवले. पण या घराण्यात गप्प राहणे नवे नव्हते. नवरा सोडून गेला तेव्हा हीच आई मुलीला सांगत होती की काही झालेच नाही असे वाग. त्याच्या वस्तूही तिने घरातून काढून टाकल्या. आजी वारली तेव्हाही तिचे नाव काढून रडायचे नाही, असाच दंडक होता.

पुस्तक मिटल्यावर भाचीने आम्हाला विचारले, "मामू, ज्याचं माणूस गेलं, त्यालाच ते न सांगण्याचा हक्क घरच्यांना असतो का?"

प्रश्न तिने कादंबरीबद्दल विचारला होता. आम्हाला मात्र तो आमच्याच घराबद्दल विचारल्यासारखा वाटला. कारण आम्हीही खोटारडे होतो.

आमचे गाव तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यात, खाडीकाठी. गावातल्या निम्म्या घरांतील एक तरी पुरुष बोटीवर नोकरीला असे. आमचे धाकटे चाचाही बोटीवर होते. ते १९६६ साली मालवाहू बोटीवर ताप येऊन वारले. जमीन दूर होती. बोटीवरच्या मुसलमान खलाशांनी गुस्ल दिला, कफन घातले, जनाज्याची नमाज पढली आणि मय्यत समुद्रात सोडली. कंपनीचे पत्र अब्बांच्या नावे महिनाभराने आले. दादी तेव्हा आजारातून नुकती उठली होती. तिचे हृदय कमजोर आहे, असे डॉक्टरांनी सांगितले होते. अब्बांनी, मोठ्या चाचांनी आणि गावातल्या चार बुजुर्गांनी बसून ठरवले, म्हातारीला आत्ताच सांगायचे नाही. जरा बरी होऊ दे.

त्या जुम्याला इशाच्या नमाजनंतर मशिदीत चाचांसाठी गायबाना नमाज झाली. आम्ही कोकणातले शाफई, आमच्यात ती पढतात. हबशांच्या राजाच्या, नजाशीच्या मृत्यूची खबर आल्यावर प्रेषितांनी (स.) मदीनेत त्याची नमाज पढवली होती, हा तिचा आधार. सारी मशीद एका आईच्या मुलासाठी दुवा करत होती आणि ती आई दोनशे पावलांवर पडवीत बसून कंदिलाच्या उजेडात तांदूळ निवडत होती. दहा वर्षांचे आम्ही मशिदीतून घरी आलो, तर तिने विचारले, "आज एवढा वेळ का लागला रे?" आम्ही म्हणालो, "बयान लांबलं." ते आमचे पहिले खोटे.

दादी बरी झाली. पण मग रमजान आला, मग ईद आली, मग पाऊस आला. प्रत्येक वेळी 'आत्ता नको' म्हणायला कारण सापडत गेले. तिला वाचता येत नव्हते. चाचांच्या जुन्या पत्रांची तीन पाकिटे घरात होती, त्यांवर परदेशी तिकिटे होती. अब्बा रात्री नवा कागद लिहीत, त्यातल्याच एका पाकिटात घालत आणि सकाळी आम्हा भावंडांपैकी एकाच्या हातात देत. पोरांच्या तोंडून वाचले तर तिला संशय येणार नाही, हा हिशेब. सात वर्षांत पंचवीस-तीस पत्रे आम्ही वाचली असतील. कंपनीने दिलेले पैसे चाचांची मनीऑर्डर म्हणून थोडे थोडे तिच्या हाती पडत होते.

एका खोट्याला दुसऱ्याचा टेकू लागतो. चाचांची मंगनी झाली होती. मुलीच्या घरच्यांना खरे सांगावे लागले आणि यथावकाश तिचा निकाह दुसरीकडे झाला. दादीला काय सांगणार? "त्यानंच तिकडून नाही कळवलं," असे सांगितले. त्या दिवसापासून दादीचा सूर बदलला. पत्र वाचून झाले की ती म्हणे, "लिही त्याला, पैसे नकोत. तोंड दाखव." पुढे पुढे तिने पत्र ऐकायचेच सोडले. "ठेव तिकडं," म्हणायची. गावातल्या बायका तिच्यासमोर आपल्या बोटीवरच्या मुलांचे नाव काढेनाशा झाल्या. तिला वाटायचे, आपल्या मुलाच्या वागण्याची लाज वाटून त्या गप्प बसतात.

१९७३ साली ती गेली. शेवटच्या रात्री घरातली सगळी भोवती होती. आपल्याकडे आई जाताना मुलांना दूध बख्शते. तिने एकेकाचे नाव घेतले. अब्बांना बख्शले, मोठ्या चाचांना बख्शले, फुफींना बख्शले. धाकट्याचे नाव कुणीतरी हळूच सुचवले. ती म्हणाली, "तो येईल तेव्हा बघू." अब्बा उठून पडवीत गेले. अजूनही सांगता आले असते. कुणी सांगितले नाही. फजरच्या वेळी तिचा श्वास थांबला.

आमच्या घराची सारी नैतिक अडचण त्या एका वाक्यात आहे. सात वर्षे आम्ही तिला दुःखापासून वाचवत होतो अशी आमची समजूत होती. प्रत्यक्षात तिचे दुःख गेले नव्हते. त्याचा राग झाला होता, आणि तो राग एका निरपराध मृताच्या नावावर साचत गेला. मुलगा मेला हे दुःख तिने कदाचित पेलले असते. चौदा वर्षांच्या संसारात दोन मुले तिने पुरली होती. मुलगा आपल्याला विसरला, हे मात्र तिला पेलले नाही. अब्बांनी नंतर मौलवीसाहेबांना विचारले. ते म्हणाले, "मुलाचा कसूर नव्हता, अल्लाहला सारे माहीत आहे." अब्बांचे समाधान झाले नाही. ते म्हणाले, "अल्लाहला माहीत आहे. माझ्या आईला नव्हते."

अब्बा वाईट माणूस नव्हते. त्यांच्यापाशी दलीलही होती. भांडणाऱ्या दोघांत समेट व्हावा म्हणून जो चार गोड शब्द पदरचे जोडतो, तो खोटारडा नव्हे, अशा अर्थाची हदीस आहे. ती ते सांगत. पण आमच्या खोट्याने काय केले? ज्या माय-लेकांत कधी भांडण नव्हते, त्यांच्यात ते लावून दिले. मसलहत म्हणून सुरू झालेली गोष्ट मसलहत राहिली आहे का, हे मधूनमधून तपासायचे असते. आम्ही ते तपासले नाही.

यात समुद्राचाही हात आहे. गावात मरण झाले असते तर ते लपवता आलेच नसते. जनाजा उठला असता, ताजियतला माणसे आली असती, कबरस्तानात ताज्या मातीचा उंचवटा दिसला असता. समुद्र यातले काहीच मागे ठेवत नाही. म्हणून किनाऱ्यावरच्या घरांना खोटे बोलण्याची सोय फार. कादंबरीतले घरही बेटावर आहे, हे उगाच नाही. चहूबाजूंनी पाणी असले की घरातली गोष्ट घरातच राहते, बाहेरचे कुणी येऊन विचारत नाही.

पण समुद्रात गेलेल्यांचा शोक करताच येत नाही, असेही नाही. १७ जुलै १९४७ रोजी मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली 'रामदास' बोट बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसे गेली. रमजान दोन-तीन दिवसांवर होता, स्वातंत्र्य महिन्यावर. अनेकांचे देह मिळाले नाहीत. तरी त्या घरांना एक तारीख मिळाली. त्या तारखेला रडता येत होते, आणि शेजारचे घरही रडत होते. बुडून मेलेल्याला आपल्याकडे शहीदांत गणतात, तोही एक आधार असतो. कबर नसली तरी माणूस तारखेवर जगतो. आमच्या दादीला कबरही मिळाली नाही आणि तारीखही.

आपल्याकडे दुःखाची गोष्ट निघाली की कुणीतरी लगेच 'सब्र करा' म्हणतो. पुष्कळदा त्याचा अर्थ 'गप्प बसा' एवढाच असतो. सिंक्लेअर घराण्याचा दंडक आणि आपला हा उपदेश यांत मग फारसा फरक उरत नाही. सब्रचा अर्थ हाच आहे का, हे पाहायचे तर सूरह यूसुफ पुन्हा वाचावी. तीही एका घरातल्या दडवलेल्या गोष्टीचीच कथा आहे. भाऊ खोट्या रक्ताचा सदरा घेऊन रडत आले. हजरत याकूब (अ.) यांचा विश्वास बसला नाही, तरी त्यांनी सुंदर सब्र पत्करला. आणि हेच सब्र करणारे पैगंबर इतके रडले की त्यांचे डोळे पांढरे झाले. म्हणजे सब्र आणि अश्रू एकत्र नांदू शकतात. आपल्या चिमुकल्या इब्राहीमच्या मृत्यूवेळी खुद्द प्रेषितांचे (स.) डोळे भरून आले होते, आणि कुणाला नवल वाटले तेव्हा त्यांनी त्याला रहमत म्हटले होते.

या कथेतली आणखी एक गोष्ट आम्हाला फार उशिरा दिसली. यूसुफची आठवण काढून काढून जीव द्याल का, असे बापाला कोण म्हणते? ज्यांनी गोष्ट दडवली ते घरचेच. दडवणाऱ्याला दुसऱ्याचे रडणे सहन होत नाही, कारण त्या रडण्यात त्याला आपल्यावरचा आरोप ऐकू येतो. आमच्या घरीही दादी चाचांचे नाव घेऊ लागली की अब्बा चिडत. आम्हाला वाटे, त्यांना तिची काळजी वाटते. काळजी होतीच. पण आपण कोणासाठी गप्प आहोत, तिच्यासाठी की आपल्यासाठी, हा प्रश्न त्यांनी स्वतःला विचारला असता तर पहिल्या दोन महिन्यांनंतर उत्तर बदलले असते.

मग मरणाची खबर कधीच थांबवू नये का? असेही नाही. हजरत उम्मे सुलैम (रजि.) यांची हकीकत प्रसिद्ध आहे. पती हजरत अबू तलहा (रजि.) बाहेर असताना त्यांचे आजारी मूल गेले. त्यांनी घरच्यांना बजावले, कुणी सांगू नका, मी सांगेन. थकून आलेल्या पतीला जेवू घातले, रात्र जाऊ दिली. मग विचारले, कुणी दिलेली अमानत त्याने परत मागितली तर नाही म्हणता येईल का? आणि मुलाची खबर सांगितली. अबू तलहांना रागही आला. ते उठून प्रेषितांकडे (स.) गेले. प्रेषितांनी त्या दोघांसाठी बरकतीची दुवा केली.

या हकीकतीत थांबवण्याची परवानगी आहे, तशीच तिची हद्दही आहे. उम्मे सुलैम थांबल्या त्या एक रात्र. सांगण्याचा भार त्यांनी दुसऱ्यावर टाकला नाही. काय सांगायचे, कोणत्या शब्दांत, याचा त्यांनी विचार केला होता. मूल जिवंत असल्याचा देखावा त्यांनी पुढे चालवला नाही. आणि ऐकणाऱ्याच्या रागाला त्यांनी जागा ठेवली. आमच्या घरी थांबण्याचा निर्णय पुरुषांनी घेतला, तो निभावला बायकांनी आणि वाचून दाखवला पोरांनी. सांगायचे कुणी आणि कधी, हे ठरलेच नव्हते. जिला सांगायचे, तिला काय पेलेल हे ठरवताना तिची सारी उमर कुणी विचारात घेतली नाही.

घरातली प्रत्येक गुप्त गोष्ट वाईट असते, असे आम्हाला म्हणायचे नाही. हजरत मूसा (अ.) यांच्या आईने बाळाला पेटीत घालून पाण्यात सोडले आणि मनात कालवाकालव होत असतानाही तोंड उघडले नाही. पण ते गुपित फिरऔनपासून होते आणि त्याने एक जीव वाचत होता. दुसऱ्याच्या ऐबांवर पांघरूण घालणे हेही आपल्याकडे पुण्याचे मानले आहे. कॅडन्सच्या घरच्यांनी जगापासून तिचा अपराध झाकला, त्याबद्दल आम्ही त्यांना नावे ठेवणार नाही. पण तिचा अपराध तिच्याचपासून झाकला तर ती पश्चात्ताप कशाचा करणार? तौबा करायला आधी काय केले ते माहीत असावे लागते. यूसुफच्या भावांना बापाकडे येऊन 'आमच्यासाठी माफी मागा' म्हणता आले, ते सारे उघड झाल्यावरच.

हा प्रश्न जुना झाला असे वाटत होते. आता खलाशाचे पत्र महिनाभराने येत नाही, फोनवर खबर आधी गल्लीत पोचते आणि मग घरात. पण २०२०-२१ च्या कोविडमध्ये आपण सर्वांनी तो पुन्हा पाहिला. नवरा एका वॉर्डात गेला आणि बायको दुसऱ्या वॉर्डात प्राणवायूवर. तिला त्या दिवशी सांगितले नाही, हे योग्यच झाले. पण ती घरी आल्यावर? काही घरांनी त्याच आठवड्यात जवळच्या माणसाला बसवून सांगितले. काही घरे आठवडे ढकलत राहिली. विधवेला तर हे लपवण्याची जास्तच किंमत पडते. इद्दत मृत्यूच्या दिवसापासून मोजतात. खबर उशिरा मिळाली तर तिचे शोकाचे दिवस तिच्या नकळत सरून जातात.

भाचीला आम्ही हे सारे सांगितले. आमच्या पुढच्या पिढीतल्या कुणाला ते आजवर माहीत नव्हते. तिने विचारले, "तुम्ही तर लहान होता. तुमचा काय दोष?" पहिल्या पत्राच्या वेळी लहान होतो. शेवटचे पत्र वाचले तेव्हा सतरा वर्षांचे होतो, आणि सतराव्या वर्षी खरे-खोटे कळते. कादंबरीतली मुलेही त्याच वयाची आहेत. लेखिकेने त्यांना निष्पाप ठरवलेले नाही, हे आम्हाला पटले.

अब्बांच्या पेटीत कंपनीचे ते पत्र अजून आहे. मय्यत समुद्रात कुठे सोडली त्याचे अक्षांश-रेखांश आणि तारीख त्यात टंकलेली आहे. भाचीने ते आकडे आपल्या फोनमध्ये घातले आणि पडदा आमच्यापुढे धरला. एडनच्या खाली, किनारा दिसेनासा होतो तिथे एक खूण पडली होती. भोवती सगळे निळे. तिने तारीख विचारून वहीत लिहून घेतली.

संध्याकाळी आम्ही तिला घेऊन कबरस्तानात गेलो. दादीच्या कबरीपाशी फातिहा पढली. मग, लहानपणी जसे पत्र वाचून दाखवायचो, तसेच मोठ्याने कंपनीचे पत्र वाचले. इंग्रजीत होते, म्हणून एकेक वाक्य आपल्या बोलीत करून सांगितले. पत्र दहाच ओळींचे आहे. ते वाचायला आम्हाला एकोणसाठ वर्षे लागली.